तिसरं पाणी होईपर्यंत

"सिस्टर, हिच्या डोक्यात पेन आहे," असं एक बाई मला तामिळमध्ये म्हणाली, तेव्हा मी तिच्या मुलीच्या दोन्ही कानांमागे बघितलं, वेणी चाचपली आणि म्हटलं, "नाही हो, वर्गात विसरली असेल." बाई माझ्याकडे बघतच राहिली. तामिळमध्ये पेन म्हणजे ऊ. हे मला त्या दिवशी कळलं, आणि लवकरच माझ्याही डोक्यात ती लेखणी फिरायला लागल्यामुळे तो शब्द मी पुन्हा कधी विसरले नाही.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यातली. बदली झाली ती आवडीला. आवडी हा चेन्नईचाच एक भाग. नावावरून वाटलं, आवडेल. आवडायला थोडा वेळ लागला, पण मग इतकं आवडलं की निवृत्तीनंतरही आम्ही एग्मोरला घर घेऊन इथेच राहिलो. मी हॉस्पिटलात नर्स होते, तिथल्या रात्रपाळ्या सोडून तिरुवल्लिकेणीच्या एका शाळेत लागले. नातेवाईक विचारत, "शाळेत नर्सला काय काम?" त्यांना वाटायचं, मी गुडघ्याला आयोडिन लावते आणि उरलेला वेळ स्वेटर विणते. चेन्नईत स्वेटर!

खरं काम वेगळंच असतं. शाळा म्हणजे शेकडो घरांचं एक मोठं घर. एका घरातला खोकला सकाळच्या प्रार्थनेला येतो, डब्याच्या सुट्टीत ओळखी वाढवतो आणि संध्याकाळी व्हॅनमध्ये बसून दहा घरी पाहुणा जातो. नर्सने त्याला फाटकाशीच ओळखायचं. त्यासाठी मी रोज फाटकाजवळ उभी राहायची. मुलांना वाटे, सिस्टर किती प्रेमाने हसते. मी हसत असे, पण बघत असे डोळे, नाक आणि मनगटावरचे पुरळ.

डोळ्यांच्या बाबतीत तर या गावाची कीर्ती मोठी. साध्या डोळे येण्याला सगळा देश 'मद्रास आय' म्हणतो. एका वर्षी ती साथ आली आणि मुलांना घरी पाठवता पाठवता आमच्या प्रिन्सिपल सरोजा मॅडमचेच डोळे आले. मॅडम म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. घरी बसायला तयार नाहीत. काळा कूलिंग ग्लास लावून त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या, आणि मागच्या रांगेतून अशी एक शिट्टी आली, जशी थिएटरात हिरो पडद्यावर आला की येते. मॅडम त्याच पावली घरी गेल्या. माझ्या सल्ल्याने जे झालं नव्हतं ते एका शिट्टीने झालं.

पण मला सांगायचंय ते निलाबद्दल आणि कार्तिकच्या आजीबद्दल.

निला तिसरीत असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला. जवळजवळ एक वर्ष ती शाळेत नव्हती. चौथीत परत आली तेव्हा डोक्यावर कापडी टोपी, हातापायांच्या काड्या आणि डोळे मात्र सगळ्या वर्गाला पुरतील एवढे मोठे. मोठे उपचार संपले होते, पण रोजच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली रोगाशी लढणारी फौज अगदी विरळ झाली होती. दुसऱ्या मुलाला ज्या कांजिण्या आठवडाभर खाजवून बऱ्या होतात, त्या निलाच्या फुफ्फुसात उतरल्या असत्या. त्यावरची लसही त्या काळात तिला देता येत नव्हती.

तिची आई विजया बँकेत होती. पहिल्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि खुर्चीवर बसलीच नाही.

"सिस्टर, डॉक्टर म्हणतात शाळेत पाठवा, तिलाही माणसं हवीत. मी पाठवते. वर्गात कोणाला काही झालं तर ते तुम्हाला थांबवता येणार नाही, मला कळतं. पण मला लगेच सांगाल?"

"लगेच," मी म्हटलं.

"कांजिण्या, गोवर, काहीही. लगेच सांगितलं तर इंजेक्शन आहे. उशीर झाला तर..."

मी हो म्हटलं खरं, पण मनात एक शंका होती. मला तरी कोण सांगणार?

त्याचं कारण सांगायला हवं. इथे कांजिण्या हा रोग नाही, ती देवी आहे. घरात मुलाला फोड आले की म्हणायचं, अम्मा आली. नाव घ्यायचं नाही, औषधाचं बोलायचं नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा, मुलाला कडुनिंबाच्या पानांवर निजवायचं, घरात फोडणी करायची नाही, पाहुण्याला आत घ्यायचं नाही. आपल्याकडेही पूर्वी असंच होतं म्हणा. आता गंमत बघा, कुठल्याही आरोग्य खात्याला इतकं कडक विलगीकरण जमलेलं नाही. फक्त एक गोची आहे. हे सगळं मुकाट्याने चालतं. शाळेला फोन येतो तो "गावाला लग्न आहे" असा.

पोंगल होऊन गेला होता आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी जोरात होत्या. चौथीचं नाटक होतं भाज्यांच्या भांडणाचं. कार्तिक वांग्याचा महाराजा, डोक्यावर हिरवा मुकुट. निला शेवग्याची शेंग. ही भूमिका तिने स्वतः मागून घेतली होती. "मेकअप लागणार नाही," म्हणाली. शेंगेने महाराजांच्या कानाशी लागून बाकीच्या भाज्यांच्या चहाड्या सांगायच्या, असा प्रसंग होता, आणि दोघं तो इतक्या तब्येतीने करत की तालमीत शिक्षिकाच हसून बेजार.

एका सोमवारी कार्तिक आला नाही. त्याची आई शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत. तिचा फोन आला, कुंभकोणमला लग्न आहे, आठवडाभर येणार नाही. मुख्य नट तालीम सोडून लग्नाला गेला म्हणून शिक्षिका वैतागली. मीही एरवी सोडून दिलं असतं.

दुपारी आमच्या शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर मुरुगेसन पायाला लागलं म्हणून पट्टी बांधायला आला. हा माणूस बोलका. सहज म्हणाला, "आज त्या वांग्याच्या गल्लीत मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही, सिस्टर. दाराला वेप्पिलै."

वेप्पिलै म्हणजे कडुनिंबाची पानं. मी पट्टी अर्धवट बांधली असावी, कारण मुरुगेसन नंतर आठवडाभर ती धरून चालत होता असं तो मला अजून ऐकवतो.

मी तशीच निघाले. शाळेपासून दोन गल्ल्यांवर त्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. चौकटीला ताजा डहाळा, आणि आतून फोडणीचा वास नाही. मी बेल वाजवली. दार बोटभर उघडलं आणि फटीतून एक हिऱ्याची चमकी आणि एक डोळा दिसला.

"कोण?" तामिळमध्ये प्रश्न आला.

"शाळेतली सिस्टर. कार्तिकला बघायला आले."

"तो कुंभकोणमला गेलाय," डोळा म्हणाला. नेमकं तेव्हाच आतून कुंभकोणमहून आवाज आला, "पाट्टी, पाठ खाजतेय!"

पाट्टी म्हणजे आजी. मला हसू आवरेना. माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, "अहो आजी, लग्न चांगलंच खाजरं दिसतंय."

दार आणखी थोडं उघडलं. "तुम्ही मराठी? कोठच्या?"

मला धक्काच बसला. राव आडनावाचं हे घर तंजावरकडच्या मराठ्यांपैकी, पिढ्यानपिढ्या इथलं. आजींची मराठी म्हणजे अडीचशे वर्षं मुरलेलं लोणचं, आणि चाल तामिळ. इथे लिहिताना मी ती थोडी आपल्या वळणावर आणली आहे.

"साताऱ्याची."

"राजधानी ती! बरें. पण आंत नाही यायचें. आत थोर पाहुणी आहे."

"ठाऊक आहे. मी नाव घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. फक्त एवढंच सांगा, पाहुणी आली कधी?"

आजींनी भुवया चढवल्या. त्यांचं म्हणणं चेहऱ्यावर दिसत होतं, की देवीच्या येण्या-जाण्याच्या वेळा विचारायला ही काय स्टेशनमास्तर लागून गेली? मग मी उंबऱ्याबाहेर पायरीवरच बसले आणि त्यांना निलाबद्दल सांगितलं. टोपी, गोळ्या, विजयाचं न बसणं. शेंगेचं महाराजांच्या कानाशी लागणं. आणि हेही, की फोड उठायच्या एक-दोन दिवस आधीच मुलाच्या श्वासातून दुसऱ्याला लागण होऊ शकते.

"मला तुमचा नातू दोषी ठरवायचा नाही," मी म्हटलं. "त्याला बिचाऱ्याला कुठे माहीत होतं? मला फक्त दिवस हवा आहे."

"शुक्रवारीं तालमीहून आला तो डोकें दुखतें म्हणाला," आजी सावकाश म्हणाल्या. "शनिवारीं सकाळीं पोटावर पहिला मणी दिसला." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "मग येथें बसून काय करतां? उठा! त्या पोरीच्या आईस सांगा अगोदर! साताऱ्याच्या म्हणे!"

इतकी चांगली हकालपट्टी माझी आयुष्यात झालेली नाही. जिना उतरता उतरता मी विजयाला फोन लावला. "कांजिण्या. शुक्रवारी तालमीत शेजारी होता." ती एवढंच म्हणाली, "निघते." तास-दीड तासात ती निलाला घेऊन हॉस्पिटलात होती, आणि संध्याकाळी निलाला ते इंजेक्शन मिळालं. दुसऱ्यांच्या अंगात तयार झालेली फौज उसनी घेऊन हिच्या अंगात सोडायची, असा तो प्रकार असतो. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. पण पुढचे तीन-चार आठवडे नजर ठेवायची. निला घरी राहणार होती.

इकडे मी सरोजा मॅडमच्या खोलीत.

"संमेलन पुढे ढकला, मॅडम."

"एका वांग्यासाठी?"

"आज एकच दिसतंय."

"प्रमुख पाहुणे ठरलेत, मांडव ठरलाय. दुसऱ्या मुलाला मुकुट घाला." मग मॅडमनी सुंदर इंग्रजीत एक परिपत्रक काढलं. त्यात विलगीकरण होतं, खबरदारी होती, सहकार्याची अपेक्षा होती. पालकांनी ते वाचलं आणि त्या पंधरवड्यात कुंभकोणमला इतकी लग्नं झाली की त्या गावात नवरा मुलगा शिल्लक राहिला नसेल. टोमॅटो लग्नाला गेला. भोपळा आत्याकडे मुंजीला गेला. कोबीची आई म्हणाली, साधी उष्णता आहे. शेवटी रंगमंचावर एकटं पडवळ उरलं आणि तेही मान खाजवत होतं. मॅडमनी मांडववाल्याला फोन केला. संमेलन पुढे गेलं.

मला संमेलनापेक्षा मुलांच्या परत येण्याची काळजी होती. ताप उतरला की आया मुलांना पावडर लावून पाठवत, फोड ओले असतानाच. मी फाटकावरून परत पाठवलं की भांडण.

कार्तिकच्या घरी मी अधूनमधून जात होते, पायरीपर्यंतच. ताप जास्त होता तेव्हा डॉक्टरांना दाखवा म्हणाले, तर आजी म्हणाल्या, "आईस विचारतें." आई म्हणजे देवी. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून निरोप आला, "आई होय म्हणाली." डॉक्टर येऊन गेले. देवीचा आणि माझा त्या घरात पुढे चांगला समेट झाला.

एकदा मी पायरीवर बसून गाऱ्हाणं सांगितलं, की लोक ऐकत नाहीत, खपल्या धरायच्या आत मुलं धाडतात.

"खपल्या काय म्हणतां?" आजी म्हणाल्या. "तिसरें पाणी झालें का, विचारा."

पाहुणी उतरायला लागली की हळद आणि कडुनिंब घातलेल्या पाण्याने मुलाला डोक्यावरून न्हाऊ घालतात. एक दिवस मध्ये सोडून पुन्हा, मग पुन्हा. तिसरं पाणी झालं की देवीची रवानगी. तोवर मूल उंबरा ओलांडत नाही. मी मनाशी हिशेब केला. तोपर्यंत बहुतेक मुलांच्या खपल्या पूर्ण सुकलेल्या असतात. जे मला इंग्रजी परिपत्रकात बसवता येत नव्हतं, ते बादलीत तयार होतं.

"आजी, हे तुम्हीच सांगा ना सगळ्यांना."

"मी घर सोडून येणार कशी?"

"फोन आहे की."

त्या संध्याकाळी आजींनी मोबाइल हातात घेतला. त्यांनी कोणाच्या आईला फोन केला नाही, आयांशी बोलण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. त्यांनी गल्लीतल्या आज्यांना गाठलं, आणि एकेका आजीने पुढच्या आजीला. निरोप एकच होता. पाहुणी आली की शाळेतल्या सिस्टरला वर्दी द्यायची, हा त्या पाहुणीचाच मान आहे. आणि तिसरं पाणी होईपर्यंत पोर धाडायचं नाही, धाडलं तर कोप.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजायला लागला. कुंभकोणमची सगळी लग्नं मोडली. "सिस्टर, आमच्याकडे आलीय," "आमच्याकडे काल संध्याकाळी आली." मी सरोजा मॅडमना म्हटलं, नवीन परिपत्रकात तिसरं पाणी घाला. त्या म्हणाल्या, "आपण इंग्रजी माध्यमाची शाळा आहोत, सिस्टर." घातलं नाही. पण फाटकाजवळ उभ्या राहून एका आईला हळूच विचारताना मी त्यांना ऐकलं, "थर्ड वॉटर झालं का?" मी तरी प्रत्येक मुलाचं पोट-पाठ बघूनच आत सोडत होते. देवीवर विश्वास आहे, आयांवर तेवढा नाही.

सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं, तेव्हा विजयाचा फोन आला. निलाला ताप होता आणि मानेवर तीन फोड.

त्या आठवड्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. तिला दाखल केलं, शिरेतून औषध सुरू झालं. मी फाटकावर उभी राहायची, मुलांचे डोळे-नाक बघायची, आणि मला काही दिसायचं नाही. रोज शाळा सुटली की विजयाला फोन. "श्वास ठीक आहे," एवढं ती सांगायची आणि ठेवायची. कार्तिकच्या आजी मला रोज फोन करून विचारत, आणि "ठीक आहे" म्हटलं की त्याही ठेवत. पुढे ढकललेलं संमेलन याच दिवसांत झालं. वांग्याच्या नाकावर एक खपली होती, प्रेक्षक हसून लोटपोट झाले. शेंगेचं काम दुसऱ्या मुलीने केलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी विजयाने फोन निलाकडे दिला. आवाज बारीक, पण कुरबुर पूर्ववत.

"सिस्टर, माझी शेंग कोणी केली?"

मी नाव सांगितलं.

"ती? ती केवढीशी आहे! मग ती शेंग नाही, भेंडी झाली."

मी फोन ठेवला आणि खोलीचं दार लावून घेऊन पोटभर रडले. फुफ्फुसं स्वच्छ राहिली होती. फोड आले ते मूठभर, आणि तेही सुकले. डॉक्टर विजयाला म्हणाले, इंजेक्शन वेळेत नसतं मिळालं तर गोष्ट वेगळी होती.

आमच्या कामाचं हे असं असतं. जे झालं नाही, त्याचा सत्कार होत नाही. त्या वर्षी स्नेहसंमेलनात पारितोषिक मिळालं ते पडवळाला.

निला पाचवीत गेली, सहावीत गेली. गोळ्या थांबल्या, टोपी गेली, केस आले, तेही कुरळे. तोवर ती माझ्या खोलीत कितीदा आली होती, पण नेहमी कोणीतरी हाताला धरून आणल्यावर. दुखलं तरी ती सांगायची नाही. "काही नाही, सिस्टर," हे तिचं पाठ वाक्य. लहानपणीच इतकं दुखून झालेलं मूल दुखणं लपवायला शिकतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका दुपारी ती एकटीच आली. पोट धरलेलं, चेहरा वाकडा.

"सिस्टर, वयिरु वली," म्हणाली. पोट दुखतंय.

मी तिला झोपवलं. ताप पाहिला, जीभ पाहिली, पोट दाबलं. उजवीकडे दाबलं तर डावीकडे दुखत होतं, डावीकडे दाबलं तर ती उजवीकडे "आई गं" म्हणत होती. डोळे मिटलेले, पण एक पापणी किंचित वर करून ती माझा अंदाज घेत होती. मी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. सहावीला तेव्हा गणिताची चाचणी होती.

शाळेतली सगळी धडधाकट मुलं हे करतात. मी त्यांना ओवा चारून परत वर्गात पिटाळायची. निलाने हे कधीच केलं नव्हतं. मी तिच्या अंगावर चादर घातली आणि पंखा लावला.

थोड्या वेळाने गणिताचे सर स्वतः आले. निलाचा आजार सगळ्या शाळेला माहीत, त्यामुळे ते घाबरून गेले होते. दारातूनच हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, काही गंभीर आहे का? तिच्या आईला बोलवायचं?"

"नको सर," मी म्हटलं. "तिला काहीही झालेलं नाही."

आणि हे मी इतक्या आनंदाने सांगितलं की सर माझ्याकडे बघतच राहिले.